लुइझियानातला रोमन कायदा आणि सुमनताईचं घर

सांगलीच्या एका लॉ कॉलेजात मी एकतीस वर्षं रोमन कायदा शिकवला. लेक्स अक्विलिया म्हणजे दुसऱ्याच्या मालाची नासधूस केली तर द्यायची भरपाई. लेक्स फाल्सिडिया म्हणजे मृत्युपत्रात कितीही जणांना दानं वाटली, तरी वारसाला निदान चौथा हिस्सा. लेक्स ऱ्होडिया म्हणजे वादळात जहाज वाचवायला एकाचा माल समुद्रात फेकला, तर तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. मुलं पाठ करायची, पेपरात लिहायची आणि विसरायची. मीही फारसं वेगळं करत नव्हते. हे कायदे कुणाच्या घरात येऊन राहिलेले मी कधी पाहिले नव्हते.

म्हणून सुमनताईचा अमेरिकेहून तो फोन आला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. सुमनताई माझी मावसबहीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिचे यजमान, आमचे दाजी, डॉक्टर होते. तरुणपणी लुइझियाना राज्यातल्या एका लहान गावात त्यांनी दवाखाना काढला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. त्यांना जाऊन महिना झाला होता. मुलगा निखिल टेक्सासला होता.

"अगं, वकील काय म्हणाला ऐक," ताई सांगत होती. "अर्धं घर माझं. तुझ्या दाजींचा अर्धा भाग निखिलच्या नावावर झाला. पण मी आहे तोवर त्या अर्ध्यातही राहायचा हक्क माझाच. त्या हक्काला तो जो शब्द म्हणाला ना, तो तू परीक्षेच्या वेळी घोकायचीस. युसुफ्रक्ट!"

"उसुसफ्रुक्टुस," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला असणार. मालकी एकाची, उपभोग दुसऱ्याचा. रोमन विधवांसाठी उभा राहिलेला हक्क, आणि तो माझ्या मावसबहिणीला, तिच्या राहत्या घरात! मी तिला फोनवर अर्धा तास व्याख्यान दिलं. हा हक्क कसा मिळतो, कशाकशाने संपतो, सगळं. ती नवऱ्याच्या दुःखात होती, मी वर्गात होते.

सव्वा वर्षाने, ऑगस्टच्या शेवटी, मी तिच्याकडे गेले.

बायूकाठी

न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर ताई आली नव्हती. तिची शेजारीण ओडेट न्यायला आली होती. सत्तरीची, उंच, पुरुषी आवाजाची बाई. दाजींच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती. ताई का नाही आली, असं विचारल्यावर तिने खांदे उडवले. "ती हल्ली घर सोडत नाही," एवढंच म्हणाली.

बाहेर पडताच उकाडा ओल्या टॉवेलसारखा तोंडाला चिकटला. रस्ता मैलोन् मैल खांबांवरून जात होता आणि खाली दलदल. पाण्यातच उभी असलेली झाडं, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारं राखाडी शेवाळ. एका पाटीपाशी ओडेटने गाडी हळू केली आणि काठावरची मगर दाखवली, आपण पाहुण्याला म्हैस दाखवावी इतक्या सहज. बायू म्हणजे काय, ते मला तोवर कळलं नव्हतं. धड नदी नाही, धड खाडी नाही, असं ते पाणी. कुठे वाहतंय तेही कळत नाही. गाव त्याच्या काठाने लांबट पसरलेलं. स्मशानात थडगी जमिनीच्या वर, सिमेंटच्या पेट्यांत. "खाली पुरल्या तर शवपेट्या पुरात वर येतात," ओडेट म्हणाली. चर्चच्या भिंतीवर एकावर एक रेघा होत्या. कुठल्या वादळात पाणी कुठवर आलं त्याच्या. सगळ्यांत वरची माझ्या डोक्यापेक्षा उंच होती. 

ताईचं घर लाकडी, विटांच्या बुटक्या खांबांवर उभं, समोर पोर्च आणि पोर्चवर झोपाळा. ती दारात उभी होती. मिठी मारली तेव्हा तिच्या पाठीची हाडं हाताला लागली. पण पहिले चार दिवस छान गेले. ओडेट गंबो घेऊन आली. कोळंबी, भात आणि भेंडी. तीही गळून तार सुटलेली. आमच्याकडे अशी भेंडी केली तर सुनेला महिनाभर ऐकून घ्यावं लागेल. इथे ती तार हीच खरी चव. ताईने त्यात दोन आमसुलं टाकली आणि ओडेटने तक्रार न करता दोन वाट्या खाल्ल्या.

ताई फाटकाबाहेर मात्र जात नव्हती. किराणा ओडेट आणायची. मला वाटलं, दुःख आहे, जाईल हळूहळू.

शुक्रवार, कोर्टात

शुक्रवारी ओडेटने मला कोर्टात नेलं. कायदा बघायचा हट्ट माझाच. नोंदणीच्या खिडकीत एक जाडजूड तरुण होता, दोन्ही दंडांवर मासे गोंदवलेले. मी भीत भीत युसुफ्रक्टच्या नोंदी कशा असतात असं विचारलं. तो हसला. "मॅडम, अर्धं गाव युसुफ्रक्टवर राहतं. आज सकाळपासून तुम्ही चौथ्या."

मला रडूच यायचं बाकी राहिलं. त्याला मी सांगितलं की हा शब्द इथवर कसा आला. रोमचं साम्राज्य मोडलं, नंतर ते जिंकणाऱ्या व्हिसिगॉथ टोळीच्या एका राजाने आपल्या रोमन रयतेसाठी जुने कायदे एकत्र करून दिले, त्या ग्रंथाचं नाव लेक्स रोमाना व्हिसिगोथोरम. दक्षिण फ्रान्सात आणि स्पेनमध्ये ते कायदे मुरले आणि पुढे कैक वळणं घेत फ्रेंच-स्पॅनिश लोकांबरोबर या दलदलीत उतरले. बाकीच्या अमेरिकेत इंग्रजी कायदा, इथे हा. तो ऐकत होता, पण त्याची नजर माझ्या मागे भिंतीवरच्या टीव्हीकडे जात होती. मी वळून पाहिलं. नकाशावर समुद्रातून येणाऱ्या वादळाच्या वाटेचा एक पांढरा शंकू काढला होता आणि त्याचं रुंद तोंड आमच्या किनाऱ्यावर उघडलं होतं.

"काल हा टेक्सासकडे जात होता," तो म्हणाला. "मॅडम, गाडीत पेट्रोल आहे ना?"

परत येताना पंपापाशी रांग लागली होती. दुकानांच्या खिडक्यांवर माणसं प्लायवूड ठोकत होती. कुणी घाई करत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. 

शनिवार

सकाळी आठ वाजता आमचे दोन्ही फोन एकदम किंचाळले. गाव सोडण्याचा हुकूम होता. वादळ रविवारी दुपारी किनाऱ्यावर येणार होतं.

मी माझी बॅग भरून बाहेर आले, तर ताई शांतपणे तांदूळ धूत होती. "तू जा ओडेटबरोबर," ती म्हणाली. "मी घर सोडणार नाही."

तेवढ्यात माझा फोन वाजला. निखिलचा होता. निखिल दाजींच्या पहिल्या बायकोचा मुलगा. ती गेली तेव्हा तो तीन वर्षांचा, मग ताई आली आणि तिनेच त्याला वाढवलं. आता पन्नाशीचा, टेक्सासमध्ये अर्विंगला नोकरी, बायको, एक मुलगी. "मावशी, प्लीज, आईला गाडीत बसव," तो म्हणाला. "ती माझा फोन उचलत नाही. धिस इज नॉट अ जोक. मी ट्रॅक बघतोय, तुमच्या डोक्यावरून जातंय ते."

ताईने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. "त्याला सांग, घर रिकामं होणार नाही."

"असं काय बोलतेस गं? तुझा मुलगा आहे तो."

"दाजींच्या तेराव्याला कागद घेऊन आला होता. म्हणे, आई, तू एकटी राहू नकोस, घर विकू, माझ्याकडे चल. मी नाही म्हटलं. आता बाहेर काढायला वादळ मिळालंय त्याला."

"ताई, तुझा हक्क आहे. तो काढू शकत नाही."

तेव्हा तिने हात पुसले, कपाटातून वही आणली आणि माझ्यासमोर उघडली. तिच्या गोल अक्षरात तारीख, माझं नाव आणि खाली एक ओळ. वापर थांबला की हक्क संपतो.

"तूच सांगितलंस ना फोनवर?" ती म्हणाली. "तेव्हापासून मी एक रात्र घराबाहेर काढली नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशनही पुढे ढकललं."

  होय, मीच सांगितलं होतं. मृत्यूने संपतो, वस्तू नष्ट झाली तर संपतो, उपभोग न घेतल्याने संपतो. मुलांना सांगायची त्याच चालीत. मुदत सांगायची राहिली होती, कारण मला पुढच्या मुद्द्याची घाई होती.

"ताई, रोममध्ये दोन वर्षं सलग वापर नसेल तर. एका रात्रीने काही होत नाही!"

"दोन वर्षं? त्याच्याकडे गेले की परत कोण आणणार मला? ह्या वयात दोन वर्षं जायला काय लागतं? आणि हे रोम नाही. इथे किती मुदत आहे?"

मला माहीत नव्हतं. एकतीस वर्षं शिकवून मला माहीत नव्हतं. कोर्ट बंद झालं होतं. वकिलाला विचार म्हटलं, तर ती म्हणाली, वकील निखिलने लावलेला. मी खोटं बोलू शकले असते. शंभर वर्षं मुदत आहे असं सांगितलं असतं, तर कदाचित ती उठली असती. पण तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी खरं तेच बोलले. "नक्की माहीत नाही, ताई."

"मग मी नाही येत," ती म्हणाली आणि कुकर लावला.

दुपारी ओडेट निघाली. तिच्या गाडीत तिचा व्हीलचेअरवरचा भाऊ होता, तिला थांबता येत नव्हतं. तिने मला दंडाला धरलं आणि म्हणाली, तू तरी चल. मी नाही म्हटलं. शौर्य नव्हतं ते. माझ्या एका वाक्याने ही बाई इथे अडकली होती, आणि तिला सोडून गेले असते तर मला पुढे स्वतःचं तोंड बघता आलं नसतं. ओडेटची गाडी वळणाआड जाईपर्यंत मी पोर्चवर उभी होते.

चारच्या सुमाराला शेरीफच्या ऑफिसातला एक पोलीस घरोघर फिरत आला. लाल चेहऱ्याचा, दमलेला. ताईला तो ओळखत होता. लहानपणी दाजींनी त्याचा हात बसवला होता. त्याने एकदाच विचारलं, "येणार नाही ना?" ताईने मान हलवली. मग त्याने खिशातून काळा मार्कर काढून टेबलावर ठेवला. "दोघींनी दंडावर नाव लिहा," तो म्हणाला. "आणि खाली, कुणाला कळवायचं त्याचा नंबर. न पुसणारी शाई आहे."

कशासाठी, ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

तो गेल्यावर मी माझं नाव लिहिलं, अक्षरं वेडीवाकडी आली. ताईने मात्र बाही वर केली आणि डाव्या दंडावर नीट, वहीत लिहावं तसं नाव लिहिलं. खाली एक नंबर. फोन न बघता, न थांबता, दहाच्या दहा आकडे. मी वाचले. निखिलचा नंबर होता.

 स्वयंपाकघरात जाऊन मी निखिलला फोन लावला. पाठीमागे गाडीचा आवाज येत होता. "मावशी, मी निघालोय," तो म्हणाला. "तिला सांगू नकोस, शी विल लॉक द डोअर."

रविवार सकाळ

पहाटेपासून पाऊस सरींनी येत होता. दहा मिनिटं आडवा मार, मग अचानक शांत, मग पुन्हा. वीज गेली होती. भिंतींतून करकर असा आवाज येत होता, आतून कुणी दात खावेत तसा. मी बाथटबमध्ये पाणी भरून ठेवलं आणि मधल्या पॅसेजमध्ये उशा रचल्या. लहानपणी भीती वाटली की रामरक्षा म्हणायचे. त्या दिवशी ती तिसऱ्या श्लोकापुढे आठवेना. तोंडात येत होतं ते लेक्स अक्विलिया, लेक्स फाल्सिडिया, लेक्स ऱ्होडिया. तेच पुटपुटत राहिले. त्याने भीती कणभरही कमी झाली नाही.

सातला फाटकाशी निखिलची गाडी थांबली. रस्त्यावरच्या नाक्यावर त्याला अडवलं होतं. डॉक्टरांचा मुलगा म्हटल्यावर कालच्याच पोलिसाने सोडलं. निखिल पायऱ्या चढून आला, चिंब भिजलेला, डोळे लाल. ताईने जाळीच्या आतलं दार बंद करून कडी लावली.

"आई, इट्स मी. उघड."

"तू जा. मी येणार नाही."

"घर नकोय मला! व्हॉट वुड आय डू विथ धिस हाउस? बाबांच्या नंतर तू एकटी इथे, मला रात्र रात्र झोप नाही लागत यार." त्याचा आवाज फुटला. मग आवाज खाली आला. "ओके. दार नको उघडूस. मी इथे बसतो. तू येशील तेव्हा जाऊ."

झोपाळ्याची साखळी वाजली. तो खरंच बसला.

मी ताईच्या पाया पडायची बाकी राहिले. "उघड गं. त्याचं बरंवाईट झालं तर?" ती खिडकीपाशी उभी होती, पडद्याची कड धरून, बाहेर बघत.  शेजारच्या अंगणातून एक पत्रा उडत आला आणि फाटकावर आपटला. त्या आवाजाने मी पॅसेजमध्ये पळाले आणि कान झाकून बसले. लाज वाटते सांगायला, पण तेव्हा मला ना ताई दिसत होती ना निखिल. मला फक्त मरायचं नव्हतं.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. कडी वाजली. मी डोकं वर केलं, तर दार सताड उघडं आणि ताई पोर्चवर, पायात घरातल्याच चपला. "चल," ती निखिलला म्हणत होती. "भिजलास किती."

मला वाटलं, पोराची दया आली. आईच ती.

पुढचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. रस्त्यावर घोटाभर पाणी, त्याखाली रस्ता आहे की नाही ते दिसेना. एक पूल बंद झाला होता. मागे फिरून दुसऱ्याने गेलो. वाऱ्याने गाडी बाजूला ढकलली जायची आणि निखिल दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून तोंडाने "इट्स ओके, इट्स ओके" म्हणत राहायचा. तो कुणाला सांगत होता कोण जाणे. ताई मागे माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा हात धरला होता, की मी तिचा, ते आठवत नाही. उत्तरेला पोचल्यावर पाऊस साधा पाऊस झाला, तेव्हा निखिलने गाडी कडेला घेतली, दार उघडलं आणि गवतावर ओकला.

अर्विंग

अर्विंगला सगळं कोरडं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात मेथी, कैऱ्या, पोह्यांची पाकिटं. रांगेत नागपूरकडचे दोन तरुण प्रोजेक्टबद्दल बोलत होते. पोहे मी केले; आम्ही तिघांनी जेवल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी ओडेटचा फोन लागला. ताईच्या घराचं छप्पर उडालं होतं, पाणी खिडक्यांच्या वर गेलं होतं. खांब उभे होते, वरचं घर एका बाजूला सरकून फुटलं होतं. आमच्या गल्लीत मागे राहिलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याचा पत्ता लागला नव्हता.

त्या संध्याकाळी निखिलने लॅपटॉपवर शोधून मला दाखवलं. लुइझियानात वापर न केल्याने हक्क जायला दहा वर्षं लागतात. "दहा वर्षं, मावशी," तो म्हणाला. मी मान खाली घातली.

ताईने ते ऐकलं. थोड्या वेळाने तिने मला विचारलं, "आणि घरच राहिलं नाही तर?"

त्याचं उत्तर मला पाठ होतं. वस्तू नष्ट झाली की उपभोगाचा हक्कही संपतो. निदान रोममध्ये. या वेळी मी म्हटलं, "इथल्या वकिलाला विचारू. तू निवडशील त्या."  ताई म्हणाली, "बरं."

महिन्याभराने मी परत निघाले. डॅलसच्या विमानतळावर निखिल सोडायला आला होता. बॅगा चढवून झाल्यावरही तो गेला नाही. म्हणाला, "मावशी, एक सांगू? आईला नको सांगूस. त्या सकाळी पोर्चवर... मी म्हटलं ना, तू येईपर्यंत बसतो? मी उठलो होतो. किल्ली हातात होती. माझी मुलगी आहे घरी, आय कुडन्ट. दोन पायऱ्या उतरलो होतो मी, तेव्हा दार उघडलं."

 मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेले.

सांगलीला आल्यावर हे सगळं लिहायला घेतलं आणि त्या जागेवर येऊन अडले. दोन आठवडे अडून राहिले. शेवटी निखिलची परवानगी मागितली. तो म्हणाला, लिही, पण आधी आईला वाचून दाखव. मी ताईला फोन लावला आणि त्या सकाळचा मजकूर वाचून दाखवला, त्याच्या किल्लीसकट, पायऱ्यांसकट.  

"मी खिडकीत होते ना," ताई म्हणाली. "बघितलं मी. तो बसून राहिला असता, तर मीही आत बसूनच राहिले असते. तो घर सोडून निघाला, तेव्हा मी उघडलं."